तुटलेली गुंडी आणि घरची दुरुस्ती

कापड झिजून विरण्यापूर्वीच पुष्कळ वस्त्रांचे आयुष्य संपते. त्याचे कारण शोधू गेल्यास ते फार क्षुल्लक निघते. कोठे सदऱ्याची गुंडी गळालेली असते, कोठे पोलक्याच्या आकड्याचा डोळा निघून गेलेला असतो, तर कोठे विजारीच्या चेनचा रनर सैल झालेला असतो. वजनाने वस्त्राचा शंभरावा हिस्साही नसलेला हा भाग निकामी झाला की उरलेले नव्व्याण्णव हिस्से धडधाकट असूनही वस्त्र अंगावर चढत नाही. मग ते खुंटीवरून गाठोड्यात जाते आणि गाठोड्यातून भांडीवालीच्या पाटीत. वस्त्राचा उंबरठा म्हणजे त्याची बांधणी होय. उंबरठा मोडला तर घर पाडावयाचे नसते, हे साधे शहाणपण कपड्यांच्या बाबतीत मात्र मागे पडत चालले आहे.

हा विषय पांढुर्णा आणि सौसर या मुलखाला विशेष लागू पडतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भातील आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्या जिल्ह्याचा दक्षिणेकडील मराठी भाग म्हणजे पांढुर्णा व सौसर हे तालुके. २०२३ साली त्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. येथे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशी रीत आहे. जमिनीत कापूस आणि संत्री पिकतात. सौसर तालुक्यातील बोरगाव येथे रेमंड कंपनीचा सुटांच्या कापडाचा मोठा कारखाना १९९१ पासून आहे. ज्या तालुक्याच्या एका टोकाला इतके उंची कापड विणले जाते आणि ज्याच्या शेतात कापूस वेचला जातो, त्या तालुक्यातील घरांत एका रनरपायी चांगली विजार टाकून द्यावी, हा विरोध विचार करावयास लावणारा आहे.

आणि हा प्रश्न केवळ काटकसरीचा नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या चड्डीचा आकडा तुटला असेल तर ते मूल दिवसभर एका हाताने कंबर सावरीत असते. प्रश्नाचे उत्तर येत असूनही ते हात वर करीत नाही, मधल्या सुटीत खेळावयास जात नाही. सलवारीची नाडी तुटलेली, कमीजेच्या पाठीवरील चेन उघडी पडलेली अशी मुलगी शाळेत जावयाचेच टाळते आणि घरी कारण विचारल्यास डोके दुखते म्हणून सांगते. संत्र्याच्या तोडीवर पहाटे निघालेल्या बाईला पोलक्याला टाचणी टोचून दिवस काढावा लागतो आणि झाडावर हात उंचावताना तीच टाचणी अंगात रुतते. गुंडी ही अब्रूची राखणदार आहे, असे म्हणावयास म्हणूनच हरकत नाही.

या बांधण्यांचा थोडा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे त्यांची दुरुस्ती घरी का होऊ शकते हेही कळून येते. सिंधू संस्कृतीच्या अवशेषांत शिंपल्याच्या, भोके पाडलेल्या गुंड्या सापडल्या आहेत; पण त्या मुख्यतः शोभेच्या होत्या. कापडाला काज पाडून त्यातून गुंडी ओवण्याची युक्ती युरोपात तेराव्या शतकाच्या सुमारास रूढ झाली. आपल्याकडे अंगरखा आणि बाराबंदी ही वस्त्रे बंदांनीच बांधली जात. बाराबंदीचे नावच तिच्या बारा बंदांवरून पडले आहे. जुन्या पद्धतीच्या चोळीला आकडा नसे, गुंडीही नसे; दोन पदरांची पुढे गाठ मारली की काम झाले. कुडत्याच्या गळ्याला कापडाची किंवा दोऱ्याची गुंडी असे आणि ती दोऱ्याच्या फाशात, म्हणजे तुकम्यात, अडकवीत. या सर्वांत एक गोष्ट समान होती. ज्या कापडाचे वस्त्र, त्याच कापडाची बांधणी. ती तुटली तर शिवणाऱ्या हातालाच ती पुन्हा करता येई.

पुढे कारखान्यांचे युग आले. अमेरिकेतील वॉल्टर हंट याने १८४९ साली सेफ्टी पिनेचे पेटंट घेतले. जर्मनीत हेरिबर्ट बाउअर याने १८८५ साली टिचबटनाचे पेटंट घेतले. व्हिटकॉम्ब जडसन याने १८९३ साली साखळीसारख्या बंधनाचा पहिला नमुना पुढे आणला. पण आज जिला आपण चेन किंवा झिप म्हणतो तिचे खरे रूप गिडिऑन सुंडबॅक या स्वीडिश-अमेरिकन अभियंत्याने १९१३ च्या सुमारास सिद्ध केले. या सर्व वस्तू सोयीच्या खऱ्या. परंतु त्यांचे सुटे भाग वस्त्राबरोबर मिळत नाहीत आणि घरात तयार होत नाहीत, अशी समजूत त्यांच्याबरोबरच पसरली. ती अर्धीच खरी आहे. टिचबटनाची वाटी घरी घडविता येत नाही हे कबूल. पण तिचे काम करणारी दुसरी वस्तू घरी नक्कीच करता येते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मोडले काय हे नीट पाहावयास हवे. प्रत्येक बांधणी ही जोडी असते. गुंडीला काज, आकड्याला डोळा, पट्ट्याच्या काट्याला भोक आणि चेनच्या दातांच्या एका रांगेला दुसरी रांग. दोष पुष्कळदा ज्याकडे बोट दाखविले जाते त्याच्यात नसून त्याच्या जोडीदारात असतो. गुंडी वारंवार सुटते म्हणून नवी लावली जाते. पण खरा दोष सैल पडलेल्या काजात असतो. काज दोन्ही टोकांकडून दोन-तीन टाके घालून लहान केले की जुनीच गुंडी मुकाट्याने बसते. काजाचे माप ठरविण्याचा नियम सोपा आहे: गुंडीची रुंदी अधिक तिची जाडी, तेवढी काजाची लांबी.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे. बांधणी कधीही कापडापेक्षा बळकट करू नये. मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने गुंडी शिवली तर ती जन्मभर गळणार नाही, अशी कित्येकांची समजूत असते. गुंडी गळत नाही हे खरे. पण कोठे अडकून हिसका बसला की ती आपल्याबरोबर कापडाचा तुकडा घेऊन निघते. दोरा तुटला तर नुकसान पाच मिनिटांचे असते, कापड फाटले तर नुकसान वस्त्राचे असते. म्हणून सुती कापडाला सुती दोरा दुहेरी करून, मेणावरून ओढून घ्यावा आणि कापड विरळ असल्यास आतल्या बाजूने त्याच रंगाचा लहानसा चौकोनी तुकडा लावून त्यावर टाके घ्यावे. घरी केलेला प्रत्येक सुटा भाग असाच असावा: तुटावयाची वेळ आली तर आधी तो तुटावा, वस्त्र नव्हे.

आता गुंडीकडे वळू. सदऱ्याची गुंडी साधारणपणे साडेअकरा मिलिमीटर रुंदीची असते. गुंड्यांच्या व्यापारात इंचाचे चाळीस भाग धरून मोजण्याची पद्धत आहे व त्या मापाने ही अठरा नंबरची गुंडी होय. कोटाची बत्तीस नंबरची गुंडी सुमारे वीस मिलिमीटर भरते. हरवलेल्या गुंडीच्या जोडीची गुंडी बाजारात मिळाली नाही तर सदऱ्याच्या सर्वांत खालची, विजारीत दडणारी गुंडी काढून ती वर लावावी आणि खाली घरची गुंडी लावावी. ही युक्ती जुन्या शिंप्यांना चांगली ठाऊक होती.

घरची गुंडी कापसाच्या मुलखात कापसाचीच करावी. हव्या असलेल्या गुंडीच्या दुप्पटीहून थोड्या अधिक व्यासाचा कापडाचा गोल तुकडा कापावा. त्याच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत सभोवार धावदोरा घालावा. मध्ये पिंजलेला कापूस घट्ट गोळी करून ठेवावा आणि दोरा ओढावा. कापडाची कड आत वळून तोंड आवळले जाते. त्या तोंडावरून आडवे-उभे पाच-सहा टाके घातले की गोल, भरीव गुंडी तयार होते. मागील आवळलेल्या भागातूनच तिला कापडावर शिवावयाचे असते. कापूस सैल भरला तर धुण्यात गुंडी चपटी होते व काजातून निसटते. म्हणून ती दाबून पाहावी, हरभऱ्याच्या दाण्यासारखी टणक लागली पाहिजे. लहान मुलांच्या झबल्यांना, म्हाताऱ्या माणसांच्या बंड्यांना आणि उशांच्या अभ्र्यांना ही गुंडी फार चांगली, कारण ती टोचत नाही आणि इस्त्रीखाली वितळत नाही.

अधिक कठीण गुंडी हवी असेल तर नारळाची करवंटी घ्यावी. देवापुढे फोडलेल्या नारळाची करवंटी बहुधा चुलीतच जाते. तिचा कमी वाकाचा, सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा भाग निवडावा, लोखंड कापण्याच्या बारीक करवतीने लहान चौकोन कापावा आणि कानशीने कोपरे घासून गोल करावा. भोके मात्र गुंडी गोल करण्यापूर्वीच पाडावी. आधी गोल करून मग भोके पाडावयास गेल्यास ती हमखास चिरते. भोके मध्यापासून सारख्या अंतरावर असावीत आणि त्यांच्या कडा सँडपेपरने गुळगुळीत कराव्या, नाही तर त्या दोऱ्याला महिनाभरात कापून टाकतात. शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरविला की गुंडीला काळसर तपकिरी झळाळी येते.

गुंडी लावण्याचीही एक रीत आहे. ती कापडाला अगदी चिकटवून शिवली तर काजाच्या पदराला बसावयास जागा राहत नाही. मग प्रत्येक वेळी ओढाताण होऊन दोरा झिजतो. यासाठी गुंडी आणि कापड यांच्यामध्ये आगपेटीची एक काडी धरून टाके घालावे. नंतर काडी काढून घ्यावी व मोकळ्या राहिलेल्या दोऱ्यांना त्याच दोऱ्याचे चार-पाच वेढे द्यावे. ही गुंडीची मान होय. मान असलेली गुंडी बिनमानेच्या गुंडीपेक्षा कितीतरी अधिक टिकते.

पोलक्याच्या आकड्याची कथा थोडी वेगळी आहे. येथे बहुधा आकडा शाबूत असतो आणि डोळा गेलेला असतो, किंवा चपटा होऊन निकामी झालेला असतो. धातूचा नवा डोळा शोधीत बसण्याचे कारण नाही; तो दोऱ्याने करता येतो. जेथे डोळा हवा तेथे आकड्याच्या रुंदीएवढ्या अंतरात दोऱ्याचे तीन-चार लांब टाके एकावर एक घ्यावे. मग या टाक्यांच्या जुडीवर, कापडाला न टोचता, काजाचे टाके शेजारी शेजारी घट्ट घालीत जावे. जुडी झाकली गेली की तारेसारखा ताठ फास तयार होतो. तो धुण्याने गंजत नाही, अंगाला लागत नाही आणि सैल झाला तर पुन्हा वर एक थर देता येतो.

आकडाच हरवला असेल तर तो तारेचा करता येतो. सुमारे पाऊण ते एक मिलिमीटर जाडीची पितळी तार दोन इंच घ्यावी. ती मधोमध दुमडून दोन्ही पदर एकमेकांस लावावे. दुमडलेले टोक बारीक चोचीच्या पक्कडीने आत वळविले की आकड्याची चोच झाली. मागील दोन मोकळ्या टोकांना बाहेरच्या बाजूस लहान कड्यांसारखे वाटोळे करावे. त्यांतून आकडा कापडावर शिवावयाचा असतो. तारेची टोके कानशीने घासून बोथट करण्यास विसरू नये. घरातील विजेच्या जुन्या वायरीतील तांब्याची तार यासाठी मऊ पडते. ती घ्यावयाचीच तर आकडा वाकवून झाल्यावर लहान हातोडीने सपाट दगडावर हलके ठोकावी. थंड स्थितीत ठोकल्याने तांबे कठीण होते. पण याच गुणामुळे एक सावधगिरीही पाळावी लागते. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून सरळ केली तर ती तेथे कडक होत जाते आणि अखेर तुटते. म्हणून वाक एकदाच, विचारपूर्वक द्यावा.

लोखंडी तार शक्यतो टाळावी. घामात मीठ असते आणि मिठाच्या ओलीत लोखंड लवकर गंजते. गंजाचा डाग सुती कापडावर साबणाने जात नाही, उलट पसरतो. असा डाग पडलाच तर त्यावर लिंबाचा रस व मीठ लावून उन्हात ठेवावे व मग स्वच्छ पाण्याने धुवावे. लिंबातील आम्ल गंज विरघळवते. रंगीत कापडावर हा उपाय करण्यापूर्वी आतल्या शिवणीवर तो करून पाहावा, कारण लिंबाने कित्येक रंगही उडतात.

टिचबटनाच्या बाबतीत मनाशी एक गोष्ट ठरवून टाकावी. त्याची बोंडी आणि वाटी एकाच मापाची असावी लागतात, त्यामुळे एक हरवल्यास दुसरी निरुपयोगी ठरते. दुसऱ्या जुन्या वस्त्रावरून पूर्ण जोडी काढून लावावी, हा उत्तम मार्ग. जोडी न मिळाल्यास त्याच जागी आतल्या बाजूने आकडा आणि दोऱ्याचा डोळा लावावा. बाहेरून फरक कळत नाही. वाटी नुसती सैल झाली असेल, तर मात्र बोंडीच्या माथ्यावर हातोडीचा अगदी हलका एकच टोला द्यावा. माथा किंचित पसरतो व पकड परत येते.

आता सर्वांना भीती वाटते ती चेन. तिची रचना समजली की भीती जाते. धातूच्या चेनच्या प्रत्येक दाताला एका बाजूस उंचवटा आणि दुसऱ्या बाजूस खळगा असतो. रनरच्या पोटात दोन वाटा एकत्र येऊन एक होणारा मार्ग असतो. रनर वर सरकू लागला की दोन्ही रांगा तिरप्या होऊन आत शिरतात, एका रांगेचा दात दुसऱ्या रांगेच्या दोन दातांमध्ये बसतो आणि बाहेर पडताना त्या सरळ होऊन एकमेकांत अडकून पडतात. हजारो वेळा वरखाली झाल्यावर रनरची मागील फट रुंदावते. दात आत शिरतात, पण पुरेसे दाबले जात नाहीत. म्हणून रनर पुढे जातो आणि मागे चेन उघडीच राहते. लोक म्हणतात, चेन खराब झाली. वास्तविक चेन चांगली असते. थकलेला असतो तो रनर.

उपाय असा. रनर अगदी खाली, सुरुवातीच्या टोकाशी आणावा. पक्कडीने त्याच्या मागील भागाची एक बाजू हलकेच दाबावी, मग दुसरी. दोन्ही बाजू सारख्या दाबल्या गेल्या पाहिजेत. रनर ओढून पाहावा आणि गरज वाटल्यास पुन्हा किंचित दाबावे. जोर करू नये, कारण पुष्कळसे रनर जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात. ते वाकण्यापेक्षा तडकणे पसंत करतात. ही दुरुस्ती एकदा, फार तर दोनदा साधते. त्यानंतर रनर बदलावयास हवा. त्यासाठी नवी चेन नको. रनरच्या पाठीवर बहुधा ३, ५ किंवा ८ असा आकडा कोरलेला असतो. तो चेनच्या मापाचा असतो. फाटलेल्या दप्तराची, जुन्या पिशवीची चेन फेकून देण्यापूर्वी तिचा रनर काढून डबीत ठेवला, तर तो त्याच आकड्याच्या व त्याच जातीच्या दुसऱ्या चेनला उपयोगी पडतो. धातूच्या दातांचा रनर नायलॉनच्या वेटोळ्याच्या चेनला मात्र चालत नाही.

चेनचे इतर भागही घरी करता येतात. ओढण्याची पट्टी तुटली तर कागदाला लावण्याची तारेची क्लिप किंवा वेणीसारखी गुंफलेली दोरी तिच्या जागी बसते. वरच्या टोकाचा अडसर गळून रनर बाहेर निघत असेल तर तेथे जाड दोऱ्याचे आठ-दहा टाके एकाच जागी घालून गाठ करावी. तोच नवा अडसर. खालचे दोन-चार दात पडले असतील तर त्यांच्या वर असाच दोऱ्याचा अडसर करावा. चेन तेवढी आखूड होते, पण वस्त्र वाचते. धातूची चेन जड चालत असल्यास तिच्यावर मेणबत्ती घासावी. तेल मात्र लावू नये, कारण त्याचा डाग कापडावर उतरतो आणि धूळ त्याला चिकटते.

कमरेच्या पट्ट्याच्या बकलाचा काटा तुटणे ही नित्याची गोष्ट आहे. सायकलीचा निकामी आरा त्याला उत्तम. तो सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा आणि चांगल्या पोलादाचा असतो. काट्यापेक्षा इंचभर लांब तुकडा कापावा, एक टोक पक्कडीने बकलाच्या मधल्या दांडीभोवती वळवावे आणि दुसरे टोक घासून वाटोळे करावे. परकर आणि पायजम्याची नाडी तर विकत घेण्याचे कारणच नाही. विरलेल्या लुगड्याचे काठ शेवटपर्यंत बळकट राहतात. त्यांच्या तीन पट्ट्यांची वेणी घातली की नाडी झाली. तिच्या एका टोकाला सेफ्टी पिन अडकवून ती नेफ्यातून ओवावी आणि नेफ्याच्या मध्यावर पाठीमागे एक टाका घालून नाडी तेथे शिवून टाकावी. मग ती धुण्यात ओढली जाऊन आत हरवत नाही.

घरची कारागिरी कोठे थांबावी, हेही येथे सांगितले पाहिजे. तीन वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना सुटी होऊ शकेल अशी गुंडी लावू नये; ती तोंडात जाते आणि श्वासनलिकेत अडकू शकते. लावावयाचीच तर लावल्यावर ती जोराने ओढून पाहावी. लहान मुलांच्या गळ्याशी नाडी कधीच असू नये, कारण ती पाळण्याला किंवा दाराच्या कडीला अडकल्यास फास बसतो. आणि मोटरसायकलवर घालावयाच्या हेल्मेटच्या पट्ट्याचे बकल तुटले तर ते तारेने, दोऱ्याने किंवा टाचणीने कधीही बांधू नये. नागपूरच्या रस्त्यावर दिवसरात्र वाहने धावत असतात. सदऱ्याची घरची गुंडी तुटली तर लाज जाते, हेल्मेटचे घरचे बकल तुटले तर माणूस जातो. जेथे बांधणीवर जीव अवलंबून आहे तेथे कारखान्याचीच वस्तू हवी, आणि तीही तपासलेली.

या दुरुस्त्या शिंप्याकडे का देऊ नयेत, असे कोणी विचारील. जरूर द्याव्यात. पण एक गुंडी लावण्यासाठी किंवा एक डोळा करण्यासाठी शिंप्याने किती घ्यावे? योग्य मोबदला मागितला तर गिऱ्हाइकाला तो जास्त वाटतो, थोडा घेतला तर त्याचा वेळ फुकट जातो. त्यामुळे पोळा आणि दिवाळीच्या घाईत असली कामे त्याच्या टोपलीत पडून राहतात, आणि तोवर शाळेचा गणवेश घरी बसतो. किरकोळ डागडुजी घरात झाली तर शिंप्याचा हात कसबाच्या कामाला मोकळा राहतो. त्यात त्याचे नुकसान नाही.

पूर्वी प्रत्येक घरी एक डबी असे. तिच्यात रिळे, सुया, मेणाचा खडा, अंगुस्तान आणि निरनिराळ्या गुंड्या ठेवलेल्या असत. जुने वस्त्र पोतेऱ्याला काढण्यापूर्वी त्याच्या गुंड्या, आकडे कापून त्या डबीत टाकले जात. ते काम आजीचे आणि दोरा ओवण्याचे काम नातवंडांचे. आजीला जवळचे दिसत नसे आणि नातवंडांना टाका घालता येत नसे, म्हणून दोघांची गाठ पडे आणि त्या निमित्ताने विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जाई. आज ती डबी पुन्हा भरावयास फार खर्च लागत नाही. एक बारीक चोचीची पक्कड, एक कानस, हातभर पितळी तार आणि जुन्या पिशव्यांचे चार रनर तिच्यात वाढविले की ती आजच्या काळालाही पुरेल. मुलगा असो की मुलगी, आठ-दहा वर्षांच्या वयात प्रत्येकाला गुंडी लावावयास शिकविली पाहिजे. हे काम बायकांचे, ही समजूत वसतिगृहात किंवा परगावच्या नोकरीत पहिली गुंडी गळताच खोटी ठरते.

पोळ्याच्या सणाला या भागात बैलांच्या साजाची आठवडाभर आधी तपासणी होते. कोणता कासरा विरला, कोणती घुंगरू सुटली, ते पाहून शेतकरी स्वतःच्या हाताने नीट करतो. त्याच संध्याकाळी घरातील कपड्यांची एक फेरी घेतली, सैल गुंड्या, सुटलेले आकडे, अडणाऱ्या चेन बाजूला काढल्या आणि कंदिलाऐवजी आता विजेच्या दिव्याखाली तासभर सुई चालविली, तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या वर्गात एखाद्या मुलाचे दोन्ही हात मोकळे होतील. त्यांतला एक हात मग प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी वर जाईल.